शुक्रवारचा दिवा परगावी

 

आम्ही अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू बायका. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि वाचले ते इथंच राहिले, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. घरात आम्ही मराठीच बोलतो. आडनावंही गावांवरून आलेली.

आज बोलायचंय ते कॉलेजला परगावी जाणाऱ्या मुलींबद्दल. तुमची मुलगी जाते तेव्हा तुम्हाला जेवणाची, राहण्याची काळजी. आम्हाला शुक्रवारच्या संध्याकाळचीही काळजी. सूर्य मावळायच्या आधी दिवा लावला की आमचा शब्बाथ लागतो. काळ्या मनुकांचं सरबत घेऊन प्रार्थना होते, मग घर एकत्र जेवतं. हॉस्टेलच्या खोलीत दिवा लावू देत नाहीत. शनिवारी कॉलेज असतं. मटणात आम्हाला दूध-दही चालत नाही, आम्ही नारळाचं दूध घालतो. कोळंबी, खेकडे आम्ही खात नाही. मेसमध्ये हे रोज कोण समजावणार? मग मुली डाळ-भाजीवर भागवतात. 'ज्यू म्हणजे काय गं?' याचं उत्तर देऊन देऊन थकतात.

इस्रायल देश झाल्यावर आमची पुष्कळ माणसं तिकडं गेली. भारतात आता काही हजारच उरलो. वर्गात आपल्यातली दुसरी मुलगी सापडेलच असं नाही. म्हणून आम्ही मुलींना सांगतो, सिनेगॉग शोधा. पुण्यात कॅम्पात १८६७ सालचं लाल देऊळ आहे, रास्ता पेठेतही एक आहे. मुंबईत मांडवीला १७९६ सालचं सगळ्यात जुनं, ठाण्यात १८७९ सालचं.

पण एकटीनं अचानक जाऊ नये. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावरही हल्ला झाला. तेव्हापासून दारावर पहारा असतो, नाव-गाव विचारतात. आधी फोन करावा, ओळखपत्र जवळ ठेवावं. आणि विचारपूस झाली म्हणून मन खट्टू करून परत फिरू नये.

आत गेल्यावर आणखी एक गोष्ट मुलींना टोचते. आमच्या रीतीप्रमाणे पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बाई त्यात मोजत नाहीत. मग मुलीला वाटतं, माझ्या येण्यानं कुणाला काय फरक पडतो?

अशा वेळी आम्ही डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव घेतो. १८९० साली जन्मलेली ही आमची बेने इस्रायल मुलगी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकली आणि पुढच्या शिक्षणाला लंडनला गेली. तिथं तिला उदारमतवादी ज्यूंची मंडळी भेटली. त्यांच्यात बाया-पुरुष शेजारी बसून प्रार्थना करत. लिली माँटेग्यू ही बाई त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होती. परक्या देशात त्यांनी हिला जवळ केलं. पुढं १९२५ साली जेरुशाबाईंनी मुंबईत त्याच विचाराची ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. कामा हॉस्पिटलचा कारभार त्यांनी कित्येक वर्षं सांभाळला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परगावी आलेल्या एका मुलीला आपलं म्हटलं, तर त्यातून किती उभं राहतं बघा!

म्हणून शहरातल्या आमच्या बहिणींना आमचं सांगणं आहे. दारात नवी मुलगी दिसली तर 'कुणाची गं तू?' हे मागाहून विचारा. आधी तिला शेजारी बसवा, प्रार्थनेचं पान दाखवा आणि शुक्रवारी जेवायला घरी न्या. सणाला आठवणीनं फोन करा. आणि मुलींनो, तुम्हीही निघताना पिशवीत मूठभर काळ्या मनुका ठेवा. दिवा लावता नाही आला तरी भिजवून कुस्करून सरबत कुठंही होतं.

हे फक्त आमच्यापुरतं नाही, मैत्रिणींनो. तुमच्या मुलीही नर्सिंगला, डी.एड.ला परगावी जातात. तुमच्या गावातही बाहेरची एखादी शिक्षिका, एखादी नर्स खोली घेऊन एकटी राहत असेल. तिचा सण कोणता, ती काय खात नाही, हे तिला एकदा विचारा. गटाच्या पुढच्या बैठकीला तिला बोलवा.