माफी म्हणजे कबुली का?



पूजा संपताना आपण गणरायाकडे कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतो. तिथे वकील आड येत नाही. संस्थेने एखाद्या माणसाची क्षमा मागायची म्हटली, की मात्र आम्हीच सांगतो, "लेखी काही देऊ नका."

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. रुग्णालयात त्यांच्या आईला औषधाची मात्रा चुकीची दिली गेली. त्या वाचल्या, पण अंथरुणाला खिळल्या. ते म्हणाले, "कुणी एकदा येऊन 'आमचं चुकलं' म्हटलं असतं, तर मी कोर्टाची पायरी चढलो नसतो." डॉक्टर भेटायला तयार होते, व्यवस्थापनाने अडवले, हे नंतर कळले.

व्यवस्थापनाची भीती अगदीच खोटी नव्हती. आमच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये, अशी अट विमा कंपन्या घालतात. कबुली न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येते. पण ती निर्णायक पुरावा नव्हे, हे १८७२ च्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. माफीला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने, केवळ माफी मागितली म्हणून निष्काळजीपणा कबूल केला असे ठरत नाही. त्याच वर्षी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणखी पुढचे पाऊल टाकले : तिथे माफीमुळे विम्याचे संरक्षणही जात नाही. हाँगकाँगने २०१७ मध्ये असाच कायदा केला.

मला वाटते, आपणही तो करावा. पण एक मर्यादा पाळून. संरक्षण माफीच्या शब्दांना असावे, घडलेल्या गोष्टींना नव्हे. कोणते औषध, किती, कोणी दिले, हे सांगणारे केसपेपर न्यायालयापुढे आलेच पाहिजेत. नाहीतर हात जोडायचे आणि कागद दडवायचे, असा नवा धंदा सुरू होईल. माफी मागितली म्हणून भरपाईही बुडता कामा नये. आजींच्या औषधपाण्याचा खर्च शब्दांनी भागत नाही.

शेवटी, आपले मंडळ हीसुद्धा संस्थाच आहे. उद्या आपल्या मांडवाचा बांबू पडून कुणाला इजा झाली, तर पहिली बैठक कुठे घ्यायची? कार्यालयात, की त्या माणसाच्या उशाशी? कायदा होईल तेव्हा होईल. हे आजच ठरवू या.