चिलटांच्या घरात शिरलेला उपरा

आम्ही मुंबईहून, गिरगावातल्या फणसवाडीतून बोलतोय. वाडीच्या नावात फणस आहे, पण आमच्या घरी फणस येतो तो गावाहून, एसटीच्या टपावरून. कापला की घटकाभरात चिलटं हजर! आज त्यांचीच गोष्ट. भोपळ्याची फळं किडवते ती फळमाशी वेगळी. ही बारकी, लाल डोळ्यांची, आंबलेल्या फळावर घोंगावणारी.

शास्त्रज्ञ १९१०च्या सुमारापासून ही चिलटं बाटल्यांत पाळतात. १९७०च्या दशकात त्यांना एक कोडं पडलं. बाहेरून पकडलेला नर आणि बाटलीतल्या जुन्या वाणाची मादी जुळवली, की होणारी पिल्लं वांझ निघत, उष्ण हवेत तर जास्तच. उलट जोडी लावली, बाहेरची मादी आणि बाटलीतला नर, तर सगळं ठीक.

आपल्याकडे असं झालं असतं तर दोष कुणाच्या माथी आला असता, ते तुम्हाला सांगायला नको. पण मादीत खोट नव्हतीच. बाहेरच्या चिलटांच्या गुणसूत्रांत 'पी' नावाचा एक तुकडा होता. तो एका जागेवरून सुटतो, दुसरीकडे चिकटतो, आणि या उड्यांत बीजपेशींची नासधूस होते. ज्या आईत पी आधीपासून असतो, ती त्याला आवरणारे बारीक रेणू अंड्यातूनच लेकरांना देते. बाटलीतल्या मादीकडे ते नव्हते, कारण तिचे पूर्वज पी येण्याआधीच बाटलीत कोंडले गेले होते.

म्हणजे पी नवा, विसाव्या शतकाच्या मध्याला आलेला. आला कुठून? अमेरिका खंडातल्या विलिस्टोनी या दुसऱ्याच जातीच्या चिलटांकडून. या दोन जातींचा संकर होत नाही. तरी १९९० साली दोघींकडचा पी ताडून पाहिला, तर २९०७ अक्षरांत फरक फक्त एका अक्षराचा!

मग पोहोचवला कुणी? १९९१ साली मार्गारेट किडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका किड्यावर संशय घेतला. मिरची-वांग्यावर लाल कोळी पडतो ना, तसलाच एक बारीक कोळी. तो चिलटाच्या एका अंड्याला टोचतो आणि लगेच दुसऱ्याला. एकच सुई दोघांना टोचावी तसं. त्याला हे करताना रंगेहाथ कुणी पकडलेलं नाही, हेही सांगायला हवं.

फणस खाणाऱ्याला यातलं काही होत नाही, कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो! पी मात्र थांबलेला नाही. सिम्युलन्स नावाच्या तिसऱ्या जातीतही तो पसरत असल्याचं २०१५ साली प्रसिद्ध झालं, आणि या वेळी तो गेला बहुधा आपल्या या फणसावरच्या चिलटाच्या जातीकडूनच.