पहिलाच शब्द जोडणारा

गाणं ऐकताना आपण चाल ऐकतो, गळा ऐकतो. आज आणखी एक गोष्ट ऐकायला शिकू या: गाण्याचा पहिला शब्द.

बरीच गाणी हाकेनं, नावानं किंवा आर्जवानं सुरू होतात. काहींचा पहिला शब्द मात्र जोडणारा असतो: जेथे, जेव्हा, जोवर, जरी. व्याकरणात यांतले काही उभयान्वयी अव्यय, काही क्रियाविशेषण. पण काम एकच, दोन वाक्यं बांधायचं. ‘जेथे’ म्हटलं की कान ‘तेथे’साठी अडून राहतो. हा जोडीदार शब्द कवीनं कुठे ठेवलाय, त्यात गाण्याचा भाव असतो.

तुकोबांचा ‘जेथे जातो’ हा अभंग घ्या. ‘जेथे’नंतर एक क्रियापद येतं आणि लगेच ‘तेथे’. मध्ये थांबायला जागाच नाही. अभंग विठ्ठलाच्या सोबतीचा आहे. भक्त पाऊल टाकतो तिथे देव हजर, म्हणून शब्दाचा सोबतीही तितक्याच तातडीनं हजर.

आता पी. सावळाराम यांचं ‘जेथे सागरा’ आठवा. वसंत प्रभूंची चाल, सुमन कल्याणपूर यांचा आवाज. इथे ‘जेथे’ पहिल्या ओळीच्या तोंडाशी आणि ‘तेथे’ थेट दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी. ओळ संपते, वाक्य संपत नाही. गाणं वाट पाहणारीचं आहे, आणि ‘तेथे’ येईपर्यंत ऐकणाराही तिच्यासारखीच वाट पाहतो. शब्दांची जोडी तीच. एकीकडे अंतर मिटवून विश्वास उभा राहिला, दुसरीकडे अंतर वाढवून ओढ.

तिसरी तऱ्हा तुकोबांच्याच ‘जोवरी तोवरी’ या अभंगात. इथे दोन्ही शब्द आरंभीच शेजारी बसवले आहेत. कोल्हा डरकाळ्या फोडतो, समुद्र गर्जतो. आणि मग ‘जंव’ येतो. सिंह दिसला नाही तोवर, समुद्र पिणारे अगस्ती भेटले नाहीत तोवर. चरणाच्या पहिल्या अर्ध्यात फुगलेली बढाई दुसऱ्या अर्ध्यात बसते. भजनात पहिला अर्धा जोरात आणि दुसरा ठाम म्हटला, तर हा अभंग पुरता कळतो.

दुधनीच्या श्रोत्यांजवळ याहून अधिक काही आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या या कर्नाटक सीमेवर मराठीइतकीच कन्नडही घरची. बाराव्या शतकातल्या बसवण्णांचं ‘नुडिदरे’ हे वचन इथे कुणाला नवं नाही. कन्नडमध्ये अट क्रियापदाच्या शेपटीलाच जोडलेली असते, म्हणून ‘बोललं तर’ एवढं सगळं त्या एका पहिल्या शब्दात मावतं. बोलणं कसं असावं? मोत्यांचा हार, माणकाचं तेज, स्फटिकाची शलाका, आणि खुद्द लिंगानं दिलेली दाद: चार वेळा तोच ‘नुडिदरे’ येतो. पाचव्या वेळी अट फिरते. बोलण्यासारखं वागणं नसेल तर आराध्य कूडलसंगमदेव प्रसन्न कसा होईल? बोलण्याच्या सौंदर्यात रमलेल्या आपल्याला बसवण्णा वागण्यापाशी आणून उभं करतात. चार वेळा तोच शब्द कानावर पडल्यामुळेच हे वळण इतकं लागतं.

आणि शेवटी ज्ञानेश्वरीच्या अखेरचं पसायदान. त्याचा पहिला शब्द ‘आता’. शाळेच्या प्रार्थनेत आपण ते सुटं म्हणतो. पण या ‘आता’चा जोडीदार गाण्याच्या आत नाही, तो मागे आहे. शके 1212, म्हणजे सन 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, अठरा अध्यायांचा वाग्यज्ञ, हे सारं त्या एका शब्दामागे उभं आहे. एवढं काम करून झालं, तेव्हा ‘आता’ मागणं मागायचं. आणि मागणंही स्वतःसाठी नव्हे, अवघ्या प्राणिमात्रांसाठी. तो पहिला शब्द घाईनं गिळला, तर मागणं उरतं, पण त्यामागचे कष्ट ऐकू येत नाहीत.

म्हणून गाणाऱ्यांना विनंती, श्वास कुठे घ्यायचा ते या शब्दांना विचारा. तुकोबांच्या ‘जेथे’–‘तेथे’मध्ये तो तोडू नका, सावळारामांच्या ओळीअखेर थोडं थांबा, ‘आता’ पूर्ण वजनानं म्हणा. ऐकणाऱ्यांनी पहिला शब्द कानात धरून त्याचा जोडीदार शोधावा. तो जवळ आहे की लांब, पुढे आहे की मागे, एवढं कळलं की ओळखीचं गाणंही कवीच्या मनासारखं ऐकू येऊ लागतं.