इन्शुलिन कोणत्या वाटेनें घ्यावें?

पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि पेनिसिलीनमुळें या गांवाचें नांव घरोघरीं पोंचलें. मूळचें पेनिसिलीन पोटांतील आम्लांत टिकत नाहीं, म्हणून तें टोंचूनच द्यावें लागे. पुढें रसायनज्ञांनीं तोंडानें घेण्याजोगा त्याचा एक प्रकार सिद्ध केला. इन्शुलिनच्या बाबतींत मात्र असें औषध अद्याप नित्याच्या उपचारांत आलेलें नाहीं. इन्शुलिन हें प्रथिन आहे. डाळीचें पचन व्हावें तसें पोटांत त्याचेंहि पचन होऊन जातें. जानेवारी १९२२ मध्यें टोरोंटो येथें मधुमेहानें क्षीण झालेल्या एका मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. तेव्हांपासून रुग्णापुढें प्रश्न आहे तो हा कीं, जें रोज, आणि बहुधा जन्मभर घ्यावयाचें, तें शरीरांत न्यावें कसें?

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कुपी आणि सिरिंज. येथें एक गोष्ट जिवाशीं गांठ घालणारी आहे. आपल्याकडे कुपींतील इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्यें ४० युनिट असतें, तर पेनमधील १०० युनिट. ४० च्या सिरिंजचें टोपण लाल, १०० च्या सिरिंजचें नारिंगी. पेनमधील औषध लाल टोपणाच्या सिरिंजनें २० च्या खुणेपर्यंत ओढलें, तर पोटांत २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट, कुपींतील औषध नारिंगी सिरिंजनें तितक्याच खुणेपर्यंत घेतलें, तर केवळ ८ युनिट. पहिल्या चुकीनें साखर एकदम उतरून शुद्ध हरपते. दुसरीनें ती चढतच राहते. म्हणून कुपीवरील आंकडा आणि सिरिंजवरील आंकडा जुळतो कीं नाहीं, हें घरांतील एकानें तरी पाहावें.

पेनमध्यें मात्रा चकती फिरवून ठरवितात, त्यामुळें मंद दृष्टीच्या वृद्धांस तें सोयीचें. खर्च मात्र अधिक. पंप हें लहानसें यंत्र कमरेस बांधतात. तें त्वचेखालील बारीक नळींतून दिवसभर थोडें थोडें इन्शुलिन सोडतें. पण नळी अडली, तर कांहीं तासांतच प्रकृति बिघडूं शकते. श्वासावाटे घ्यावयाच्या इन्शुलिनच्या भुकटीस भारतांत डिसेंबर २०२४ मध्यें परवानगी मिळाली. ती जेवणाच्या वेळीं घ्यावयाची असते. दम्याच्या रुग्णांस वर्ज्य आहे, आणि ज्यांचें शरीर स्वतः इन्शुलिन करीतच नाहीं, त्यांस दीर्घकाळ टिकणारें इन्शुलिन टोंचून घ्यावेंच लागतें.

यांपैकीं श्रेष्ठ कोणतें? भोसरी किंवा चाकण येथील कारखान्यांत तीन पाळ्यांत राबणाऱ्या मनुष्याचा विचार करा. या आठवड्यांत त्याचें जेवण दुपारीं, तर पुढील आठवड्यांत मध्यरात्रीं. जेवणापूर्वीं घ्यावयाचें इन्शुलिन त्यानें घरीं घेतलें आणि रस्त्यांत बस अडकून जेवण लांबलें, तर चालत्या यंत्रापुढें त्यास घेरी यावयाची. अशा वेळीं खिशांत असलेली तीन चमचे साखर कोणत्याहि महागड्या साधनाहून मोलाची. अशा मनुष्यास खिशांत मावणारें आणि ताट समोर आल्यावर घेतां येणारें पेन सोयीचें पडतें. ठराविक वेळीं घरींच जेवणाऱ्या गृहस्थास कुपीहि उत्तम.

न उघडलेलें इन्शुलिन शीतकपाटांत ठेवावें, पण बर्फाच्या कप्प्यांत कधींहि नाहीं. गोठलेलें औषध निकामी होतें. टोंचण्याची जागा बदलीत राहावी, नाहींतर तेथें गांठी धरतात आणि औषध नीट शोषलें जात नाहीं. सुई मात्र ज्याची त्यानेंच वापरावी.

डॉक्टरांकडे जातांना रक्ताच्या तपासणीबरोबर आपल्या पाळीचें आणि जेवणाचें वेळापत्रकहि न्यावें. मात्रा त्याच वेळापत्रकावरून ठरवावयाची असते, आणि साधनहि.