फोन घेणाराही अंधच

ऐन चाळिशीत दृष्टी गेली, की माणसाला धीराचे शब्द पुरत नाहीत. सोमवारी कामावर जायचं कसं, हे त्याला कुणाला तरी विचारायचं असतं. त्यासाठी दिल्लीच्या स्कोअर फाउंडेशनची ‘आयवे’ हेल्पलाइन आहे. तिथले अनेक समुपदेशक स्वतः अंध आहेत आणि मला वाटतं, या सेवेचं खरं बळ तेच आहे. संस्थापक जॉर्ज अब्राहम यांचीही दृष्टी मेंदूज्वरामुळे तान्हेपणीच गेली होती.

समजा, कुणी सांगतं, “मी अंध म्हणून बँकेनं चेकबुक दिलं नाही.” समुपदेशक रिझर्व्ह बँकेचा नियमच समोर ठेवतो: केवळ दृष्टी नाही म्हणून चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारता येत नाही. तक्रार कुठे करायची, तेही सांगतो. दुसरा संगणकाचं विचारतो. त्याला एनव्हीडीएची माहिती मिळते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं सुरू केलं. ते मराठीही वाचतं. सराईत माणूस आवाजाचा वेग इतका वाढवतो, की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला एक शब्द कळत नाही; त्याची बोटं मात्र कीबोर्डवर सरासर फिरत असतात.

आणि नोकरी? २०१६च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. घरात कुणाची दृष्टी गेली असेल, तर ते आधी काढून घ्या.