मोकळा कोड आणि घरचं बियाणं
(यावल तालुका बैठकीतील भाषण)



कापसाच्या बैठकीत कॉम्प्युटर कुठून आला, असं तुमच्या तोंडावर दिसतंय. जरा दम धरा.

दादर पेरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. उभ्या पिकात भरलेलं कणीस हेरायचं, वेगळं ठेवायचं, पुढच्या साली पेरायचं. शेजाऱ्याने मागितलं तर पायलीभर द्यायचं. त्याने निवड करत करत आपल्या जमिनीला मानवेल असं वाण केलं, तर कोणी त्याच्यावर दावा लावत नव्हतं.

कॉम्प्युटरचा प्रोग्राम म्हणजे यंत्राला लिहून दिलेलं काम. त्या लिखाणाला कोड म्हणतात. कंपन्या प्रोग्राम विकत, पण कोड दाखवत नसत. वापरा, उघडू नका, बदलू नका, दुसऱ्याला देऊ नका! अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमनला हे पटलं नाही. 1989 साली त्याने एक परवाना काढला. वापरा, वाचा, बदला, वाटा. मात्र बदललेलं पुढे द्याल तेव्हा कोडसकट आणि याच अटीवर द्या. मालकीच्या कायद्यानेच त्याने मालकीची वाट अडवली. मला आवडली ती ही चलाखी. नुसतं ‘फुकट घ्या’ म्हटलं असतं, तर पहिल्याच व्यापाऱ्याने चार ओळी बदलून आपलं कुलूप लावलं असतं. फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्सने 1991 साली सुरू केलेलं लिनक्स पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आलं. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात ते आहे. म्हणजे तुमच्या बंडीच्या खिशातही.

आता कपाशी. खानदेशात जरीला होता, विरनार होता. सरळ वाणं. सरकी राखली की पेरणी झाली. 1970 साली सुरतेहून एच-4 हा संकरित कापूस आला आणि 2002 साली बीटी आला तोही संकरितातच. संकरिताची सरकी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, उतारा घसरतो. पाकीट आपल्या हातात, आई-बाप वाणं कंपनीच्या कुलपात. कोड न देता प्रोग्राम विकण्यासारखंच हे.

2001 चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बियाणं राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला, विकायलाही मुभा देतो. फक्त कंपनीच्या छापाने विकता येत नाही. तरी 2019 साली पेप्सिकोने गुजरातेत बटाटा शेतकऱ्यांवर दावे लावले. बोंब झाली तेव्हा मागे घेतले. पण संकरितापुढे ही मुभा कागदावरच राहते. कायदा हो म्हणतो, सरकी नाही म्हणते.

अमेरिकेत 2012 साली काही पैदासकारांनी स्टॉलमनचीच युक्ती बियाण्याला लावली: हवं तसं वापरा, सुधारा, पण दुसऱ्याचा हात बांधू नका, आणि ही अट बियाण्यासोबत पुढे द्या. आपल्याकडेही नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीची सरळ वाणं केलेली आहेत. बोंडअळी त्यांनी संपेल असं मी म्हणत नाही. पण त्यांची सरकी राखता येते.

तेव्हा कृषी केंद्रावर सरळ वाण मागा, नाही म्हणाला तरी मागा. ज्यांच्या घरी जुनी दादर आहे त्यांनी पुढच्या बैठकीला किलोभर आणावी. पिशवीवर गावाचं नाव आणि खाली एवढंच लिहा: पेरा, सुधारा, याच अटीवर पुढे द्या.