शपथविधीनंतरची सकाळ



आमच्या सल्ला केंद्रात एक बाई येतात. नवऱ्याच्या मारहाणीची केस आहे, चार वर्षं नुसत्या तारखा पडताहेत. मागे निवडणुकीनंतरचा शपथविधी टीव्हीवर पाहून दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता तरी आपलं काही बदलेल का हो?" मला बोलता येईना. 'हो' म्हणावं तर ते खोटं. 'नाही' म्हणावं तर त्यांनी उद्या केंद्रात तरी का यावं? एमएसडब्ल्यूला हा प्रश्न अभ्यासात नव्हता.

तेव्हापासून मी एका दुसऱ्या शपथविधीचा विचार करते आहे. १० मे १९९४. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात, युनियन बिल्डिंग्ज या सरकारी इमारतीसमोर नेल्सन मंडेलांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. २७ वर्षं तुरुंगात काढलेला माणूस! त्या दिवशी लोक रडले, नाचले. त्या आनंदात खोटं काहीच नव्हतं.

पण त्या इमारतीच्या पायऱ्या आधी बायका चढल्या होत्या. ९ ऑगस्ट १९५६ला सुमारे २० हजार बायका तिथे जमल्या. काळ्या बायकांनीही पास जवळ बाळगलाच पाहिजे, अशी सक्ती गोऱ्या सरकारने सुरू केली होती. पास नसेल तर अटक, आणि आईला अटक झाली तर घरी पोरं उपाशी. कित्येकींच्या पाठीला तान्ही मुलं बांधलेली होती. पंतप्रधान भेटले नाहीत. बायकांनी सह्यांचे गठ्ठे त्यांच्या कचेरीत ठेवले आणि अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या. पुढे होत्या लिलियन एनगोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स. एक शिवणकाम करणारी काळी कामगार, एक गोरी, एक भारतीय वंशाची, एक मिश्र वंशाची.

लिलियन १९८०मध्ये गेल्या, हेलन १९९२मध्ये, रहिमा १९९३मध्ये. चौघींपैकी तिघींना तो शपथविधी पाहायला मिळाला नाही. आपण नेत्याचा फोटो भिंतीवर लावतो, तेव्हा या तिघींची आठवण ठेवू या.

आणखी एक गोष्ट. तिथल्या बायका शपथविधीची वाट पाहत बसल्या नाहीत. १९९२मध्येच निरनिराळ्या पक्षांच्या आणि संघटनांच्या बायकांनी एकत्र आघाडी उभारली आणि मागण्यांची सनद तयार करायला घेतली. राज्यघटनेची बोलणी चालू असताना पारंपरिक प्रमुखांचा आग्रह होता की, रूढीच्या कायद्याला समानतेचं कलम लागू करू नये. बायकांनी ते होऊ दिलं नाही. म्हणजे नवा नेता खुर्चीवर बसला तेव्हा यादी तयार होती.

म्हणूनच काही पदरात पडलं. २४ मे १९९४च्या संसदेतल्या भाषणात मंडेलांनी गरोदर बायका आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत मोफत उपचार जाहीर केले. संसदेच्या सभापती झाल्या फ्रीन जिनवाला, भारतीय पारशी वंशाच्या. १९९६च्या कायद्याने सुरक्षित गर्भपाताचा हक्क दिला, १९९८मध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडे असा कायदा यायला २००५ साल उजाडलं.

मग तिथे सगळं आबादीआबाद झालं का? नाही. कायदा झाला, पण मार थांबला नाही. १ ऑगस्ट २०१८ला बायका पुन्हा त्याच युनियन बिल्डिंग्जवर चालून गेल्या. आता सरकार त्यांचंच होतं, तरी हातात २४ मागण्या होत्या. कुणी म्हणेल, हा आशेचा पराभव. मला तसं वाटत नाही. दार आपलं आहे असं वाटतं, तेव्हाच माणूस ते हक्काने ठोठावतो.

त्या बाईंना मी आता काय सांगते? "बदलेल, पण आपोआप नाही. आपला कागद तयार ठेवू या." गेल्या महिन्यात केंद्रातल्या अकराजणींनी मिळून निवेदन लिहिलं : संरक्षण अधिकारी वेळेवर भेटावा, पोटगी थकू नये, तारखेच्या दिवसाची मजुरी बुडते त्याचा विचार व्हावा. सही करताना बाई म्हणाल्या, "अंगठा नको, मी नाव लिहिते." त्यांना पाच मिनिटं लागली. आम्ही थांबलो.

नवा नेता आला की आनंद जरूर माना. पेढे वाटा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आपला कागद घेऊन दारात उभ्या राहा.